महाशोधकांचं संत्रं

"टाळ्या! जोरदार टाळ्या, या ताईंच्या स्वादुपिंडासाठी!"

आणि लोकांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. टायरच्या दुकानावरचा तो लांबलचक हॉल त्या रविवारी दुपारी गच्च भरला होता. स्वादुपिंड नेमकं कुठं असतं असं विचारलं असतं, तर तिथल्या निम्म्या लोकांनी गळ्याला हात लावला असता. पण टाळ्या वाजवायला शरीरशास्त्र यावं लागत नाही.

मंचावर जी बाई बावरून हसत उभी होती, ती माझी सख्खी थोरली बहीण. तिच्या मागच्या पडद्यावर दोन आकडे झळकत होते. कॅप्सूल घेण्यापूर्वीची साखर चारशेबत्तीस आणि कॅप्सूल घेतल्यानंतर अर्ध्या तासानं एकशे अठ्ठ्याहत्तर. वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचून घेणाऱ्या बाईची साखर अर्ध्या तासात निम्म्याहून खाली आली होती. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर हातच जोडले.

"हात जोडू नका!" मंचावरचा पांढरा कोट गरजला. "मी बाबा नाही, बुवा नाही. मी अंगारा देत नाही, मी डेटा देतो. ही श्रद्धा नाही, ही मानवी चाचणी आहे!"

या गृहस्थांना सगळे 'महाशोधक' म्हणत. गळ्यात स्टेथोस्कोप होता, पण तो कधी कानात गेलेला मी पाहिला नाही. दारावरचा फलक सांगत होता, 'मानवी चाचणीसाठी रुग्ण हवेत. मधुमेह, दमा, रक्तदाब, गुडघेदुखी, त्वचारोग, निद्रानाश.' आजार सहा आणि कॅप्सूल एकच! मी शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीतल्या पोरांनासुद्धा हे वाचून हसू फुटलं असतं. मोठी माणसं मात्र रांग लावून उभी होती, कारण फलकावर 'चाचणी' हा शब्द होता. पूर्वी फसवायला भगवी कफनी लागायची. आता कोट पुरतो.

ताईला इथं आणलं होतं भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. गेल्या महिन्यात ते गुडघ्यासाठी इथं आले, गुडघा जरा हलका वाटला आणि हा गडी छातीवर बिल्ला लावून स्वयंसेवकच झाला. दोर आणि ब्रेक स्वतः तपासल्याशिवाय जो माणूस लिफ्टमध्ये पाय टाकत नाही, त्यानं आपली बायको न तपासता इथं आणून उभी केली.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी भाऊजी पुढच्या रांगेतल्या काही खुर्च्या उचलून जिन्याखाली नेताना दिसले होते.

"खुर्च्या कमी पडताहेत आणि तुम्ही नेताय कुठं?" मी विचारलं.

"या जुन्या सहभागींच्या आहेत, मास्तर. जे येत नाहीत त्यांच्या काढून टाकायच्या. शिस्त मोडली त्यांनी."

"कसली शिस्त?"

"ते महाशोधकांना माहीत."

मी ते तेवढ्यावरच सोडलं. माझं सगळं लक्ष त्या आकड्यांकडे होतं.

आत काय चालतं ते बघावं म्हणून मीही निद्रानाशाचा रुग्ण झालो. एका गोड बोलणाऱ्या मुलीनं मला खुर्चीत बसवलं आणि हातात एक रसरशीत संत्रं ठेवलं.

"आपल्या हातानं सोलून खा, सर. पेशींना जागं करायची पहिली कृती रुग्णाच्याच हातून व्हावी लागते."

संत्रं खाऊन झाल्यावर, 'झोप उडते ती साखरेमुळंच' असं म्हणत तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं माझं बोट पुसलं, सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रात आकडा आला, तीनशे एकसष्ट. खोटं कशाला सांगू, मी तो आकडा दोनदा वाचला. मग कॅप्सूल. मग निळ्या दिव्याखालच्या काचेच्या भांड्यात 'आयन-जल' होतं, त्यात दोन्ही हात चोळून धुवायचे. "ऊर्जेचं वहन मोकळं होतं, सर." अर्ध्या तासानं पुन्हा सुई. एकशे बारा.

"अभिनंदन!" ती मुलगी म्हणाली. "तुम्हाला साखर होती आणि आता ती गेलीसुद्धा."

आजार झाल्याची आणि बरा झाल्याची बातमी एकाच बैठकीत मिळालेला मी जगातला पहिला माणूस असेन. पण घरी जाताना एक गोष्ट मनातून जाईना. गोड संत्रं खाल्ल्यावर अर्ध्या तासात साखर चढायला हवी. ही उतरते कशी?

दुसऱ्या दिवशी मी चांगल्या प्रयोगशाळेत रक्त दिलं, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणीही करून घेतली. सगळं ठणठणीत. मला साखर आज नव्हती, काल नव्हती आणि तीन महिन्यांतही नव्हती. मग तीनशे एकसष्ट कुणाचे?

पहिला संशय यंत्रावर होता. त्याच कंपनीचं यंत्र दुकानातून आणलं. ते बिचारं सरळ होतं. मग आम्ही वर्गात जे करतो तेच मी स्वयंपाकघरात केलं. हॉलमध्ये जे जे घडलं ते सगळं पुन्हा करायचं, पण एका वेळी एकच गोष्ट. जिना चढून मोजलं, काही नाही. पाणी पिऊन मोजलं, काही नाही. बोटांना भोकं पडायला लागली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, रोगानं नाही मेलात तर या तपासणीनं मराल."

मग तिलाच संत्रं सोलायला लावलं आणि फोडी मला भरवायला सांगितल्या. माझं बोट टोचलं. आकडा साधा. आता उलटं केलं. मी संत्रं सोललं, पण एक फोडही तोंडात टाकली नाही. बोट स्पिरिटनं नीट पुसलं आणि टोचलं.

तीनशे सत्त्याऐंशी!

नळाखाली साबणानं हात धुतले, खळाखळा. पुन्हा टोचलं. शंभराच्या आत.

साखर रक्तात नव्हती, ती बोटावर होती. संत्र्याचा रस कातडीला चिकटतो, थेंबात मिसळतो आणि यंत्र इमानानं तोही मोजतं. स्पिरिटच्या बोळ्यानं तो धड निघत नाही, पाण्यानं निघतो. एवढीच त्या महान शोधाची मात्रा! आणि बदमाशी बघा, ज्या बोळ्यावरून आपण म्हणतो 'वा, किती शास्त्रशुद्ध', त्याच बोळ्यामागं चोर लपलेला. कॅप्सूल असो की चुन्याची गोळी, हात धुतले की कुणाचीही साखर उतरणार.

मला हसू यायला हवं होतं, पण माझं डोकं फिरलं. कारण ताईची ती चारशेबत्तीस खोटी असली, तरी एकशे अठ्ठ्याहत्तर खरी होती आणि ती इन्सुलिनमुळं होती. आणि चाचणीचा पहिला नियम होता, बाकीची औषधं बंद.

संत्रं आणि यंत्र पिशवीत टाकून मी ताईकडे धावलो. ती आतल्या खोलीत निजली होती. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडला होता. ओठ सुकलेले, श्वास लांब लांब, उशाशी उलटीचं भांडं.

"इन्सुलिन कधीपासून घेतलं नाहीस?"

"रविवारपासून. आता नको रे ते टोचणं." तिला बोलतानाही धाप लागत होती. "महाशोधकांना फोन केला होता यांनी. विष बाहेर पडतंय म्हणाले. थोडी कळ काढायची."

"ताई, ऊठ. दवाखान्यात चल."

"नाही. आत्ता सुई घेतली तर मला काढून टाकतील. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आशा वाटली रे मला. ती तरी राहू दे."

भाऊजी दारात आडवे उभे राहिले. "मास्तर, तुम्ही पुस्तकातलं बोलता. मी डोळ्यांनी पाहिलंय. अर्ध्या तासात साखर उतरली."

"तुम्हाला साखर आहे, भाऊजी?"

"मला? छे! परवाच कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली."

मी पिशवीतून संत्रं काढलं. "सोला हे."

"आत्ता? हिची ही अवस्था आणि तुम्हाला—"

"सोला म्हणतो ना!" मी आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींवर ओरडलो. त्यांनी सोललं. मी बोट पुसलं आणि टोचलं. चारशे चार. भाऊजींनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"मला... चारशे?"

"जा, मोरीत हात धुऊन या. आयन-जल नाही, नळाचं पाणी. कॅप्सूलही नको."

ते हात धुऊन आले. एकशे आठ. ताई कोपरावर रेलून बघत होती. तिनं पुढं केलेले हात आधी मी ओल्या फडक्यानं नीट पुसले, कोरडे केले आणि मग तिचं बोट टोचलं. यंत्रावर आकडाच आला नाही. फक्त 'हाय' अशी अक्षरं आली, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर.

"गाडी काढा," ताई म्हणाली.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. तिथं कुणी टाळ्या मागितल्या नाहीत. त्यांनी सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं, तासातासाला रक्त तपासलं आणि भाऊजींना एवढंच म्हणाल्या, "अजून एक दिवस थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं." भाऊजी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि शर्टावरचा तो बिल्ला काढून हातात धरून राहिले.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पाऊल टाकलं ते भाऊजींनी. मी नुसता मागं होतो. त्यांच्या हातात संत्र्यांची पिशवी आणि पाण्याची बादली होती.

"महाशोधक," ते म्हणाले, "आज क्रम उलटा. आधी सगळे हात धुतील, मग सुई. सुरुवात तुमच्यापासून."

"बंधुभगिनींनो, हा चाचणीत अडथळा आहे! यामुळं डेटा दूषित होतो!"

"डेटा नाही हो, बोट दूषित होतं!" भाऊजींनी पहिल्या रांगेतल्या एका निरोगी ड्रायव्हरला संत्रं दिलं. सोलणं, बोळा, सुई, साडेतीनशे. बादलीत हात, पुन्हा सुई, नव्वद. मग दुसरा माणूस. मग तिसरी एक बाई स्वतःहून पुढं आली. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"हॉलमधल्या लहरींचा परिणाम आहे हा!" महाशोधक ओरडले. "शेकडो लोक बरे झालेत! या पुढच्या रांगा बघा, एक तरी तक्रार आहे?"

तेव्हा मागून एक तरुणी उठली. आवाज चढला नव्हता तिचा. "त्या खिडकीशी एक खुर्ची होती. माझे बाबा बसायचे तिथं. दम्याचे होते. तुम्ही त्यांचा पंप टाकून द्यायला लावलात. ते गेले, तर तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं, त्यांनी शिस्त मोडली. कुठंय ती खुर्ची?"

भाऊजींच्या हातातून संत्रं गळून पडलं.

"मी नेली," ते म्हणाले. "जिन्याखाली आहे. ती आणि बाकीच्याही. मीच नेल्या."

ते तसेच खाली गेले आणि एकेक खुर्ची वर आणून पुढच्या रांगेत मांडू लागले. लोक सरकून जागा देत होते. रिकाम्या खुर्च्या वाढत गेल्या तशी माणसं एकमेकांना विचारू लागली, इथं ते पोस्टातले गृहस्थ बसायचे ना? आणि इथं ती शिक्षिका? चमत्कार कसा घडत होता ते सगळ्यांना तेव्हा दिसलं. संत्र्यानं आकडा चढायचा, हात धुतले की उतरायचा, आणि जे बिघडले, मेले, घाबरून पळाले, त्यांची खुर्ची उचलली जायची. मग उरलेले सगळे बरेच दिसणार! या गडबडीत महाशोधक मागच्या जिन्यानं पसार झाले. आम्ही तक्रार नोंदवली आहे. पण दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्या एखाद्या दुकानावर तोच फलक एव्हाना लागलाही असेल, याची मला खात्री आहे आणि त्याचा संताप आहे.

म्हणून हे स्पष्ट सांगतो. औषधांच्या खऱ्या चाचण्यांना नावं ठेवू नका. तुमच्या-माझ्या घरातली प्रत्येक चांगली गोळी त्यातूनच आली आहे, आणि त्यात कुणीतरी अनोळखी माणसानं आपला दंड पुढं केला आहे. पण खरी चाचणी 'तुम्ही बरे होणार' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'आम्हाला अजून माहीत नाही, म्हणून तर चाचणी.' ती धोके आधी सांगते. तुमच्या डॉक्टरांपासून काही लपवत नाही, नको वाटलं तर कधीही जाऊ देते. आणि मुख्य म्हणजे, जो बरा झाला नाही त्याला ती आधी मोजते.

ताई आता घरी आहे, इन्सुलिन घेते आहे, गणवेश शिवते आहे. रोज सुई टोचण्यापूर्वी भाऊजी स्वतः तिच्या हातावर पाणी ओततात.

तुम्हालाही कुणी पांढऱ्या कोटातला माणूस टाळ्या वाजवायला सांगेल. तेव्हा आधी हात धुवा. मग उभं राहून मोठ्यानं विचारा, गेल्या रविवारी या खुर्चीवर कोण बसलं होतं?