हवेत आवळायचं नाही

"अरे बारक्या, गाडीखाली झोपून अंगाई म्हणतोयस का तिला?" दाजींनी पुढच्या टायरवर बुटाची लाथ हाणली.

बारक्या म्हणजे गॅरेजचा मिस्त्री. चाळिशी उलटली, डोक्यावर केसांपेक्षा ग्रीस जास्त उरलं, पण घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव काही सुटलं नाही. दाजी हे त्याच्या थोरल्या बहिणीचे नवरे. त्यांना आपली पिकअप उंच करून हवी होती. तिच्यातून ना ओझं वाहायचं होतं, ना चिखलात जायचं होतं. रस्त्यानं जाताना लोकांनी मान वर करून बघितलं पाहिजे, एवढीच हौस. दाजी स्वतः उंचीला तसे बेताचेच.

"झालंच दाजी. आता खाली घेतो."

ताई दाराशी उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसली होती. मनगटाला पट्टी होती. बाथरूममध्ये घसरले, असं तिनं आल्या आल्या कुणी न विचारता सांगून टाकलं होतं. मागच्या वेळी जिना होता, त्याआधी कपाटाचं दार. ताईच्या घरातल्या वस्तू फार जिवावर उठल्या होत्या तिच्या, आणि बारक्या सगळं समजून "जपत जा" म्हणायचा. दाजींना 'अहो-जाहो' करायचा, खुर्ची पुसून द्यायचा. आपण काही बोललो तर घरी गेल्यावर त्याचं उट्टं ताईच्या अंगावर निघेल, या भीतीनं त्याची जीभ उचलत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो ताई खात होती, आणि तोंड दाबून धरणाऱ्यांत आपलाही हात आहे हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं जॅक सावकाश उतरवला. गाडी चारही चाकांवर आली. बॉनेटवर दोन्ही हातांनी भार देऊन त्यानं ती वरखाली हलवली, नव्या स्प्रिंगांना बसू दिलं. चाकं धरणाऱ्या दांड्यांचे नट आतापर्यंत त्यानं नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. ही त्याच्या बाबांची रीत. गाडी हवेत लटकत असताना बोल्ट आवळले, तर दांडीच्या टोकातलं रबर तशाच लटकत्या अवस्थेत पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते पिळवटतं आणि लवकरच फाटतं. म्हणून आधी गाडीला स्वतःच्या वजनानं उभं राहू द्यायचं आणि मग आवळायचं. बाबांनी हे आधी शिकवलं ते ताईला. तेव्हा बारक्याला पान्यावरचा आकडाही वाचता येत नव्हता. पुढे ताईचं लग्न झालं आणि गॅरेज बारक्याकडे आलं.

या रीतीत एक खोट होती. अर्धं काम झालेली गाडी बघणाऱ्याला पुरी झालेली दिसते.

"चला, झाली एकदाची," म्हणत दाजींनी खिशातून किल्ली काढली.

"नाही दाजी, अजून आवळायचीय. सगळे बोल्ट मोकळे आहेत."

"चाकावर उभी आहे ना? मग? माणसं वाट बघतायत माझी."

"बसा ना थोडं," ताई म्हणाली. "तो आवळल्याशिवाय गाडी…"

दाजींनी तिच्या थोबाडीत मारली. मग पट्टीचं मनगट धरून पिळलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुला कुणी विचारलं?" ताई ओरडली नाही. नुसती वाकली, आणखी वाकली, गुडघ्यावर आली. न ओरडायची तिला सवय झाली होती आणि ती सवय बारक्यानं आज पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली.

"हात सोड तिचा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'सोड' ऐकून दाजी क्षणभर गोंधळले. तेवढ्यात बारक्याची मूठ त्यांच्या नाकावर बसली. हाड मोडल्याचं बोटांना कळलं आणि त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. त्यानं आणखी एक हाणली. दाजी पान्यांच्या फळीवर आदळले, फळी त्यांच्यासकट खाली आली. उठताना त्यांच्या हाताला जॅकचा दांडा लागला. पहिला फटका बारक्याच्या बरगडीवर बसला. दुसरा त्यानं उजव्या हातावर झेलला आणि बोटं वाकडी झाली. मग तो खाली पडल्यावर बूट सुरू झाले, पोटात, पाठीत, तोंडावर. दात तुटला तो त्यानं जिभेनं चाचपला.

"दीडदमडीचा मिस्त्री," दाजी रक्त थुंकत म्हणाले. त्यांनी ताईला केसांना धरून उठवलं आणि गाडीत कोंबलं. तिची एक चप्पल दारातच राहिली.

"बोल्ट मोकळे आहेत!" बारक्या जमिनीवरून ओरडला. "ताईला उतरव, गाडी जाईल!"

"मला थांबवायला चांगली थाप शोधलीस," दाजींनी खिडकीतून म्हटलं, आणि पिकअप रस्त्याला लागली.

तो रस्ता पुढे उतारावरून पुलाकडे जातो. वळणावळणाचा आहे आणि एका बाजूला खोल दरी. बारक्यानं भिंतीवरचा टॉर्क पाना, किती जोरानं आवळायचं तो आकडा मूठ फिरवून लावायचा तो, शर्टाच्या पाठीत खोचला, एक रिंग पाना खिशात घातला आणि किक मारून मोटारसायकल जिवंत केली. मोडक्या बोटांनी ॲक्सिलरेटर पिळताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तोंडातून रक्त गळ्यावर, गळ्यावरून छातीवर. ताई, उतर, ताई, उतर, एवढंच तो बडबडत होता.

उताराच्या तोंडाशी त्यानं पिकअप गाठली, पुढे काढली आणि मोटारसायकल सरळ आडवी घालून बाजूला उडी मारली. दाजींनी ब्रेकवर पाय रोवला. गाडीचं तोंड आपोआप डावीकडे ओढलं गेलं, मोटारसायकल फरफटत तिच्याखाली गेली आणि बंपरनं कठड्याचे दोन दगड दरीत पाडले. ते बराच वेळ पडत राहिले.

दाजी उतरले ते मारतच. "मला मारायला निघाला होतास! मुद्दाम सैल ठेवलीस!"

बारक्यानं मार खाल्ला. मग म्हणाला, "आणखी तासभर मार हवा तर. पण खाली अजून वळणं आहेत. आवळू का तशीच नेतोस?"

दाजींनी दरीकडे बघितलं. चेहरा उतरला. दोन पावलं मागे सरून ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. "आवर लवकर," एवढंच म्हणाले.

मोटारसायकल ओढून काढून बारक्या गाडीखाली शिरला. उंच झालेल्या गाडीखाली आता माणूस आरामात मावत होता. पण नट आवळायचा तर पलीकडून बोल्टचं डोकं धरायला दुसरा हात हवा, आणि त्याचा उजवा हात सुजून भाकरीएवढा झाला होता. तो डाव्या हातानं रिंग पाना शोधत होता, तेवढ्यात चाकाजवळ एक अनवाणी पाऊल दिसलं. ताई खाली बसली, तिनं पाना उचलला आणि न सांगता बरोबर बोल्टवर बसवला.

"धरलाय. ओढ."

त्यानं ओढला. पान्यानं 'कट्' आवाज दिला. बस झालं, असं सांगणारा. पुढचा बोल्ट. पुन्हा कट्. ती सरकत होती, तो सरकत होता.

"ताई, गाडी खडखडत असेल. तुला आवाज आला नाही?"

"आला की. पहिल्याच खड्ड्यात."

"मग त्याला बोलली का नाहीस?"

खालून त्याला तिची पावलं दिसत होती, चेहरा नाही.

"म्हटलं, होऊ दे."

"तू आत होतीस, ताई."

"हो ना."

बारक्याला ढसाढसा रडावंसं वाटलं आणि त्या जागेत ते शक्य नव्हतं. कुशीवर वळलं की बरगडी टोचत होती. त्यानं डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं. "पुढचा धर," तो म्हणाला.

सगळे बोल्ट आवळून झाल्यावर तो बाहेर आला. उभं राहायला त्याला ताईचा आधार घ्यावा लागला. दाजींनी बंपर चाचपला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"चल," ते म्हणाले.

ताई हलली नाही. त्यांनी हॉर्न दिला. मग हॉर्नवर हात दाबूनच धरला. मागे आलेल्या गाड्या थांबल्या, माणसं उतरून बघू लागली. आता चारचौघांत उतरून तिला केसांना धरणं दाजींना जमेना. हॉर्न वाजत राहिला आणि थांबला.

पिकअप उताराला लागली. पहिलं वळण तिनं सरळ, न डगमगता घेतलं. बारक्या ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होता.

ताई कठड्यावर बसली. तिनं टॉर्क पाना मांडीवर घेतला, धूळ पुसली आणि मूठ उलटी फिरवायला लागली. काम झालं की पाना शून्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग मरते, हेही बाबांनीच शिकवलेलं. मनगट दुखत होतं. ती थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा फिरवायची. बारक्यानं हात पुढे केला, पण तिनं पाना दिला नाही.