दोन माणसांची गाडी

गाडी घ्यायची असं तिनं ठरवलंच नव्हतं. ती भूलतज्ज्ञ होती. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही, आणि उभं आयुष्य एकाच हॉस्पिटलात लोकांना झोपवण्यात आणि पुन्हा जागं करण्यात गेलेलं. सर्जन टेबलापाशी काम करत असायचा तेव्हा ही पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसलेली असायची. त्याचा श्वास, त्याची नाडी, सगळं हिच्या भरवशावर. पण पेशंटशी हिची ओळख "दीर्घ श्वास घ्या" इतपतच. जाग आल्यावर लोक सर्जनचे हात हातात घ्यायचे, आणि तोवर ही पुढच्या ऑपरेशनच्या तयारीला लागलेली असायची.

एका दुपारी एक गृहस्थ फुलांचे गुच्छ घेऊन आले. ऑपरेशन चालू असताना त्यांचं हृदय मध्येच बिथरलं होतं आणि ते हिनं सावरलं होतं. गृहस्थांनी एक गुच्छ सर्जनला दिला, एक मोठ्या नर्सबाईंना, एक जेवण आणून देणाऱ्या मावशींना. हिच्यापर्यंत आले तेव्हा हात रिकामे झाले होते.

"आपण कोण, मॅडम?" त्यांनी हसून विचारलं.

"मी इथंच असते," ती म्हणाली.

तिला राग आला नाही. असं पुष्कळदा व्हायचं. पण घरी जाताना रोजच्या चौकात शोरूमच्या काचेआडची ती बुटकी, चपटी गाडी दिसली तेव्हा तिनं आपली जुनी मोटार बाजूला लावली आणि आत गेली. आत थंडगार होतं. विक्रेत्यानं खुर्ची ओढून दिली, पाणी आणलं, आणि एवढी उंच बाई एवढ्या बसक्या गाडीत कशी मावणार असा चेहरा न करता दार उघडलं. ती आत घसरली. बटण दाबल्यावर पाठीमागं कुणीतरी दांडगा माणूस घसा खाकरून उठावा तसा आवाज झाला. ती दचकली आणि खळखळून हसली.

विक्रेता तासभर तिच्याशी बोलत होता. सीटच्या चामड्याची शिलाई कुठल्या रंगाची हवी, असं त्यानं विचारलं. आपल्याला कुठला रंग आवडतो, हे कितीतरी वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या आठवड्यात ती तिथं पुन्हा गेली, मग आणखी एकदा, आणि शेवटी सही करून आली. चांगल्या वस्तीतल्या चांगल्या फ्लॅटची असावी तेवढी गाडीची किंमत होती. तिच्याकडे पैसे होते, खर्च करायला माणसं नव्हती.

पहिले काही आठवडे मजेत गेले. ज्या सर्जननं आजवर तिला "मॅडम, सुरू करू?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं, तो टोपी-मास्कसकट पार्किंगमध्ये उतरला आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला. नर्सनी फोटो काढले. इमारतीतले लोक लिफ्टमध्ये थांबून बोलायला लागले. पण सगळ्यांचं बोलणं फिरून एकाच ठिकाणी यायचं.

"मॅडम, खरं सांगा हं, एवढ्या पैशाची आहे का ती?"

ती कधी हो म्हणायची, कधी नुसती हसायची. एकदा सर्जनला म्हणाली, "तुम्ही चालवून बघा, मग सांगा." त्यानं हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर एक चक्कर मारली, किल्ली परत दिली आणि म्हणाला, "छान आहे. पण पाठ गेली माझी." त्यानंतर तो पार्किंगमध्ये आला नाही.

धाकटा भाऊ सहकुटुंब बघायला आला. भाची तेवढी "आत्या, कसली भारी!" म्हणत आत शिरली. भावानं मात्र छपरावर हात ठेवून गाडी वाकून पाहिली, जशी दुखरी म्हैस पाहावी तशी.

"ताई, माणसं किती बसतात हिच्यात?"

"दोन."

"म्हणजे आम्ही चौघं आलो तर तिघांना पळत यावं लागणार." तो हसला, पण लगेच हसू आवरून म्हणाला, "एवढ्या पैशात आणखी एक घर झालं असतं गं. उद्या तुलाच उपयोगी पडलं असतं. विचारायचं तरी एकदा."

"तू काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून तर नाही विचारलं."

भावजयीनं विषय बदलला. पण त्यानंतर भावाचा दर रविवारचा फोन आधी लांबला आणि मग बंदच झाला. तिनंही केला नाही.

हळूहळू गाडीची सवय झाली, तिला आणि लोकांनाही. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासायचं. बाहेर पडायचं तर आधी एक पाय काढायचा, मग दाराला धरायचं, मग गुडघ्यांची मनधरणी करायची. बाजारात ती लावायची कुठं, हा प्रश्नच असायचा. एकदा भाजीची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तर गाडी टिंगटिंग करायला लागली. पिशवीच्या वजनावरून गाडीला वाटलं, कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही. घर येईपर्यंत आवाज थांबेना. पुढच्या वेळी तिनं भाजीला पट्टा लावला. सिग्नलला शेजारच्या बसमधली एक बाई टक लावून पाहत होती. हिनं मान फिरवली.

त्या सीटवर माणूस असं फारसं बसलंच नाही. भाचीला एकदा फिरवून आणलं तेवढंच. एका रविवारी सकाळी ती खाली आली, गाडीत बसली, आणि जायचं कुठं हे काही केल्या सुचेना. मोबाइलमधली नावं वर-खाली सरकवत असताना तिला टिटवी दिसली.

टिटवी म्हणजे कॉलेजच्या होस्टेलमधली तिची खोलीतली मैत्रीण. रात्रभर बडबडायची म्हणून टिटवी. ही उंच म्हणून शिडी. टिटवीनं लग्नानंतर लांबच्या एका लहान गावात दवाखाना थाटला होता. शेवटची भेट तिच्या मुलाच्या लग्नात झाली होती, आणि आता त्या मुलालाही मुलं झाली होती. मग फोनवर वाढदिवसाचे फुगे तेवढे जात-येत राहिले.

तिनं फोन केला नाही. सरळ निघाली.

रस्ता रुंद आणि मोकळा होता. शहराबाहेर पडल्यावर तिनं पहिल्यांदाच पाय मनसोक्त दाबला, आणि गाडी अशी सुटली की डोळ्यांत पाणी आलं. वळणावर ती रस्त्याला चिकटून राहत होती, स्टिअरिंग बोटांच्या सांगण्यावर चालत होतं. किंमत कशासाठी असते ते तेवढा वेळ तिला स्पष्ट कळत होतं. शेजारी कुणी असतं तर "बघितलंस?" असं ती म्हणाली असती.

टिटवीच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा आधी टिटवीचा नवरा बाहेर आला. निवृत्त माणूस, हातात पेपर. त्यानं हिच्याकडे पाहिलंच नाही.

"अगं ए, बाहेर ये! बघ काय आलंय!"

टिटवी पदराला हात पुसत आली. बारीक झाली होती. दारातच थबकली, मग म्हणाली, "शिडे? तू त्याच्यात मावलीस कशी?"

दुपारचं जेवण गाडीच्या गप्पांतच झालं. नवऱ्यानं इंजिन विचारलं, वेग विचारला, पेट्रोल किती पितं ते विचारलं. जेवण झाल्यावर हिनं त्याला फिरवून आणलं. तो लहान मुलासारखा खूश झाला आणि शेजाऱ्यांना सांगायला गेला. टिटवीला "चल" म्हटलं तर म्हणाली, "मी कशाला? भांडी पडलीत."

ही तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. टिटवी पाठमोरी होती.

"तू गाडी दाखवायला आलीस की मला भेटायला?"

हिला खोटं बोलवेना. "माहीत नाही गं. गाडी नसती तर आले नसते, एवढं खरं."

"बसनं येता येत होतं."

"हो."

"फोनही करता येत होता."

"तुलाही येत होता."

टिटवीनं नळ बंद केला. तेवढ्यात हिला दिसलं, टिटवीचा उजवा हात ओट्यावर आपोआप थरथरत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखे हलत होते. हिनं असे हात पुष्कळ पाहिले होते.

"चल, बसू तुझ्या गाडीत," टिटवी म्हणाली. "घरात नको."

दोघी अंगणातच गाडीत बसल्या. दारं लागली आणि बाहेरचा आवाज एकदम तुटला, कोंबड्यांचा, शेजारच्या टीव्हीचा, सगळाच. समोर कुंपणाची भिंत होती. टिटवीनं हात मांडीखाली दाबून धरला.

"कंपवात आहे. मागच्या वर्षी कळलं. सुई धरता येईना म्हणून दवाखाना बंद केला. लोकांना सांगितलं, कंटाळा आला."

"तुझ्या नवऱ्याला?"

"यांना वाटतं, वयानं होतंय. मुलाला कळवलं तर तो परदेशात आपल्याकडे ये म्हणेल, आणि मग इथलं सगळं आवरायचं." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "डॉक्टर सोडून कुणाला पहिल्यांदाच सांगतेय. तू काही बोलू नकोस."

हिनं टिटवीचा हात मांडीखालून काढून आपल्या हातात घेतला. तो तिथंही थरथरत राहिला. मग टिटवी म्हणाली, "मला चालवू दे."

"काय?"

"गाडी. अजून येतं मला. पुढच्या वर्षी येईल की नाही कोण जाणे."

एरवी तिनं सरळ नाही म्हटलं असतं. कंप पावणाऱ्या हातात गाडी देऊ नये, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? पण गावाबाहेर शेतांमधून जाणारा एक सरळ, रिकामा रस्ता होता. तिथपर्यंत तिनं गाडी नेली आणि मग दोघींनी जागा बदलल्या, हसत, एकमेकींना ओढून बाहेर काढत.

टिटवीनं गाडी सायकलच्या वेगानं चालवली. स्टिअरिंग तिच्या हातात किंचित थरथरत होतं आणि हिची पावलं सवयीनं नसलेला ब्रेक दाबत होती. मागून ट्रॅक्टर आला, त्यानं भोंगा वाजवला आणि मजेत पुढे निघून गेला. ट्रॉलीत बसलेल्या बायका वळून वळून बघत राहिल्या.

"ट्रॅक्टरनं मागं टाकलं गं आपल्याला!" टिटवी ओरडली आणि इतकी हसली की गाडी थांबवावी लागली. हसता हसता ती रडायला लागली, आणि हिला कळेना की पाठीवर हात ठेवावा की गप्प बसावं. गाडीत एवढी जागाही नव्हती.

निघताना टिटवी फाटकापर्यंत आली. "यांना मीच सांगेन. तू येऊन सांगितलंस असं वाटायला नको." मग काचेतून वाकून म्हणाली, "केवढ्याला घेतलीस?"

हिनं सांगितलं.

"वेडी आहेस," टिटवी म्हणाली, पण प्रेमानं.

त्यानंतर दोघी दर रविवारी बोलू लागल्या. ही दोनदा तिकडे जाऊनही आली. पण टिटवीला त्या सीटमध्ये उतरणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं, आणि दुसऱ्या खेपेला तर तिच्या नवऱ्यानं आणि हिनं मिळून तिला बाहेर काढलं. हिवाळ्यात मुलगा आला आणि दोघांना परदेशी घेऊन गेला. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे गेली.

मग गाडीला जायला गावच उरलं नाही. कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, अधूनमधून चालू करत जा, नाहीतर बॅटरी मरेल. म्हणून ती सुट्टीच्या दिवशी खाली जायची, आवरण काढायची, इंजिन चालू करून आत बसायची. पार्किंगमध्ये आवाज घुमायचा. खालच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून हात करायचे. त्यांना वाटायचं, बाई फिरायला निघाल्या. थोड्या वेळानं ती इंजिन बंद करून लिफ्टनं वर यायची. लिफ्टमध्ये कुणी असलं तर "आलात फिरून?" असं विचारायचं, आणि ती "हो" म्हणायची.

असे काही महिने काढल्यावर तिनं गाडी विकायला काढली. घ्यायला आलेला माणूस तरुण होता, बांधकामातला, बोटांत अंगठ्या. शेजारी नवी नवरी. त्यानं सगळं तपासून पाहिलं आणि शेवटी तोच प्रश्न विचारला.

"मॅडम, तुम्ही वापरलीय म्हणून विचारतो. एवढ्या पैशाची आहे का?"

या वेळी ती हसली नाही. खरं उत्तर द्यावं असं तिला वाटलं.

"गाडी म्हणून नाही," ती म्हणाली. "अशा गाडीनं जातात तिथं साध्या गाडीनंही जाता येतं. पण ही नसती, तर माझं जाणं झालं नसतं."

तरुणाला त्यातलं फक्त "नाही" ऐकू आलं आणि त्यानं भाव आणखी पाडला. तिनं घासाघीस केली नाही. नव्या नवरीनं आत बसून दार लावून घेतलं आणि ती नवऱ्याकडे पाहून काहीतरी बोलली. काचेमुळे ऐकू आलं नाही. गाडी फाटकातून बाहेर गेली, गतिरोधकावर पोट घासलं, आणि हिनं नकळत डोळे मिटले.

वर येऊन तिनं टिटवीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. टिटवीचा आवाज आता मऊ आणि सावकाश झाला होता, शब्द एकेक करून येत.

"विकली," ही म्हणाली.

"तोटा?"

"बराच."

"भावाला कळवलंस?"

"नाही."

"कळव. त्यालाही बरं वाटेल, आपलं खरं झालं म्हणून." पलीकडे कुणाचं तरी मूल रडत होतं. "जेवलीस का?"

हिनं ओट्याकडे पाहिलं. सकाळपासून तिनं नुसता चहा घेतला होता.

"नाही अजून."

"मग फोन ठेवू नकोस. बाजूला ठेव आणि कर काहीतरी. मी आहे."

तिनं फोन भिंतीला टेकवून उभा केला, भांडं काढलं आणि तांदूळ धुवायला घेतले. पलीकडून टिटवीचा नुसता श्वास ऐकू येत होता. तो संथ आणि नीट चालू होता. तो ऐकत ती भात होण्याची वाट पाहत उभी राहिली.