'ग्रोक'ची शेवटची दुपार

कोशाच्या कचेरीत वापरातून गेलेले इंग्रजी शब्द सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे अडगळकाका म्हणत. नव्या आवृत्तीची पानं कमी करायची म्हणून साहेबांनी थेट अडगळीलाच हात घातला. 'ओव्हरमॉरो' सकाळीच उडाला. अर्थ, परवा. तो गमावल्यापासून इंग्रजांना परवासाठी चार शब्द खर्चावे लागतात, असं काकांनी सांगून पाहिलं.

"खर्चू देत," साहेब म्हणाले. "त्यांना परवडतं."

आता पाळी 'ग्रोक'ची. दुसरा जेवत असताना, आपल्यालाही विचारेल या आशेनं गप्प टक लावून बसणं म्हणजे ग्रोक. शब्द स्कॉटलंडकडचा, ताटाभोवती घुटमळणाऱ्या कुत्र्यांना आणि पोरांना शोभणारा. त्याचं मूळ कुणालाच धड ठाऊक नाही. काकांनी नोकरीला लागल्यावर लिहिलेली ही पहिली नोंद. निवृत्तीआधीच्या आवृत्तीतून नेमकी तीच जावी, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

कचेरीचा नियम असा, की कुणी बोलण्याच्या ओघात शब्द वापरला आणि तो दुसऱ्या कुणी ऐकला, तर शब्द जिवंत. काकांचं बोलणं मात्र धरत नसत. बापानं पोराला दिलेलं प्रशस्तिपत्रक कोण धरतो?

पानं संध्याकाळी छापखान्यात जायची होती. दुपारी काकांनी साहेबांसमोर खुर्ची ओढली आणि डबा उघडला. लोण्यात परतलेले बटाटे, वर अंडी. साहेबांच्या डब्यात, डॉक्टर आणि बायको यांच्या संयुक्त विद्यमाने, उकडलेली गाजरं.

काका सावकाश जेवू लागले. साहेबांचं गाजर हातातच राहिलं.

"काका, अहो विचारा तरी त्यांना," मुद्रितं तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. "किती आशेनं बघताहेत!"

"काहीतरीच काय, ताई! मी घड्याळ बघतोय."

"घड्याळ तुमच्या पाठीमागे आहे," काका बटाटा मोडत म्हणाले.

"हे बघा," साहेब कडाडले, "मी काही ग्रोक करत नाहीये!"

ताईंनी लाल पेन्सिल उचलली आणि नोंदीवरची काट रद्द केली. "ऐकलं."

"हे धरायचं नाही! मी चिडून बोललो."

"चिडून बोलतो तेच तर माणूस ओघात बोलतो, साहेब. नियम तुमचाच."

साहेबांनी गाजराकडे पाहिलं, मग काकांकडे. "बरं, राहू दे. आता तरी विचाराल?"

काकांनी डबा सरकवला. पुढची काही मिनिटं कोशकार्य थंडावलं.

"हे उद्या आणाल परत?" साहेबांनी भरल्या तोंडानं विचारलं.

"उद्या सुट्टी."

"मग ओव्हरमॉरो?"

ताईंनी नुकतीच खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा उचलली.