शांत बिऱ्हाड

झ्युरिकजवळच्या त्या इमारतीत जिन्याखाली नियमांची पाटी होती. दुपारी गालिचे झटकू नयेत, रविवारी कपडे वाळत घालू नयेत, रात्री दहानंतर आंघोळ करू नये. तिसऱ्या मजल्यावरचं तोफोलींचं बिऱ्हाड हे सगळं पाळून वर स्वतःचे चार नियम पाळत असे : धावायचं नाही, खिडकीशी जायचं नाही, खोकला आला तर उशीत खोकायचं आणि दार वाजलं की पलंगाखाली जायचं. हे चार नियम सहा वर्षांच्या नीवेससाठी होते. कारण सरकारी कागदांप्रमाणे नीवेस इटलीत, आजीपाशी होती.

एर्मेस तोफोली मोझॅकच्या फरश्या करणारा कारागीर. स्वित्झर्लंडला त्याचे हात हवे होते, वर्षाचे नऊ महिने; पोरंबाळं आणायला मनाई. हातांना मुलगीही असू शकते, हे परवाना लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. बायको इल्दे धुलाईखान्यात कामाला जाई. दिवसभर नीवेस एकटी, पायांत मोजे घालून.

त्या वर्षी एर्मेस नव्या शाळेची फरशी घोटत होता. जेवणाच्या सुट्टीत त्याचा गाववाला, म्हातारा दुइल्यो, पोलेंटाची, म्हणजे मक्याच्या पिठाची, वडी तोडत म्हणाला, "पोरगी काय म्हणते?"

"गुणाची आहे. आवाज म्हणून नाही. घरमालकीणबाईंना तीन वर्षांत पत्ता नाही!"

"फरशी झाली की वाजवून बघतोस ना, खाली पोकळ राहिलंय का?"

"बघतो की."

"मग पोरीचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

एर्मेसने डबा मिटला. "मग काय, पोलिसांत जाऊन सांगू? दुसऱ्या दिवशी सरहद्दीपार घालवतील."

"घालवतील. पण तू तिला कुठे ठेवलंयस, ते सांग की. ना इथे, ना तिथे!"

रविवारी मालकीणबाई चर्चला गेल्या, तशी एर्मेसने नीवेसला शाळेत नेलं. किल्ली त्याच्याकडेच होती. लांबलचक व्हरांडा, करड्या फरशीत तांबडी खडी, आरशासारखी चकाकी.

"पळ!" तो म्हणाला. "बापाने केलीय. पळ!"

नीवेसने बूट काढून हातात घेतले आणि ती भिंतीला चिकटून, चवड्यांवर, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली.

"अगं, ओरड तरी! मला हाक मार! इथे कोणी नाही!"

तिने तोंड उघडलं. नुसता श्वास आला. मग ती घाबरून इकडेतिकडे पाहू लागली. पलंग कुठेच नव्हता.

एर्मेसने वाकून फरशी बोटांनी वाजवली. दोनशे पोरं नाचली तरी तडा जाणार नाही अशी फरशी केली होती त्याने! "मी हिला लपवली नाही," तो पुटपुटला, "पुसून टाकली!"

महिन्याभरात बिऱ्हाड परत इटलीला निघालं. गावी काम नव्हतं. म्हणून तर इकडे आले होते. निघताना मालकीणबाई, हुर्लीमानबाई, जिन्यात आल्या.

"बत्तीस वर्षांत इतके शांत भाडेकरू पाहिले नाहीत," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी नीवेसच्या हातात चॉकलेट ठेवलं. "आणि तू तर सगळ्यांत शांत!"

इल्दे चमकली. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. पण कोणाशी एक शब्द बोलले असेन तर शपथ!"

"तिच्याशीसुद्धा नाही," इल्दे म्हणाली.

तीन वर्षं जपलेलं पुण्य असं जिन्यात सांडलेलं हुर्लीमानबाई पाहत राहिल्या. खाली दार लागलं, तेही आवाज न करता.

सरहद्द ओलांडल्यावर गाडीत तिकीट तपासनीसाने नीवेसला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"सांग बाळ, आता सांग!" एर्मेस म्हणाला.

नीवेसचे ओठ हलले. तपासनीसाने कान पुढे केला, थोडा वेळ थांबला, आणि "लाजते वाटतं," म्हणत पुढच्या डब्यात गेला.

मंडळी, चुगली न करणं म्हणजे माणुसकी नव्हे. तो नुसता तिचा उंबरठा. शेजारचं बिऱ्हाड फारच शांत असेल, तर कौतुक करण्याआधी एकदा हाक मारून पाहा. उत्तर यायचं बंद होण्याच्या आत.