नापास व्हायचं ठरलं होतं

ईश्वरने नापास व्हायचं, हे त्याच्या आईने, कमलबाईंनीच ठरवलं होतं. तिकडे उत्तरेत, अलीगंजच्या त्या तिसऱ्या मजल्यावर बसून बसून त्यांचा जीव आंबून गेला होता. सब्जीवाल्याशी भांडायचं तेही हिंदीत, आणि हिंदीत भांडणाला चव नाही. सून सुनेत्रा नागपुरात शाळेत शिकवायची, नात तिच्यापाशी. ईश्वरचा बदलीचा अर्ज कधीचा वर जाऊन बसला होता.

तेवढ्यात खात्याने नवीनच टूम काढली. सरकारी खरेदी आता हाताला लागेल त्या बाबूने करायची नाही. त्यासाठी वेगळी माणसं नेमायची, शिकवायची, त्यांची परीक्षा घ्यायची. ईश्वर इतकी वर्षं खुर्च्यांपासून जनरेटरपर्यंत सगळ्यांची टेंडरं काढत आलेला, म्हणून पहिलं नाव त्याचं. पास झाला की तो खरेदीवाला, आणि त्याच्या जागी तयार माणूस मिळेपर्यंत साहेब त्याला सोडणार नव्हते. नापास झाला तर साधा बाबू, नागपूर मोकळं.

"मग हो ना नापास," कमलबाई म्हणाल्या. "कोरा पेपर देऊन ये. हात दुखतो काय त्यानं?"

ईश्वर हसला आणि कबूल झाला. सुनेत्राने तिकडे मोठं घर बघायला घेतलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातले आशुतोषजी चहाला आले. परीक्षेला तेही बसणार होते. बिस्किट बुडवत ते सहज म्हणाले, "आपको क्या टेंशन, ईश्वर भाई. आप कोटे वालों को तो वैसे ही पास कर देते हैं. और फेल हुए, तो भी कौन हैरान होगा?"

कमलबाईंनी पाहुण्यासमोरची बिस्किटांची बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर लिहून ये."

"आई, आणि नागपूर?"

"ऐकलं नाही काय बोलून राहिला होता तो? त्याचं बोलणं खरं करून मी गाडीत बसू?"

ईश्वर पहिला आला. साहेबांनी हार घातला. आशुतोषजी नापास झाले आणि दिवाळीच्या आत बदली घेऊन आपल्या गावी, कानपूरला, निघून गेले.

सुनेत्राने फोनवर आदळआपट केली असती, तर कमलबाईंनी दोन शब्द जास्तच सुनावले असते. पण ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही तिथे आहात आई, म्हणून ह्यांच्या जेवणाखाण्याचा घोर नाही मला."

म्हणजे आता एकटीलाही निघता येणार नव्हतं. कमलबाई नुसतं "हो" म्हणाल्या.