तुफानच्या कपाळावरचा गुलाल

रविवारी दुपारची जेवणं उरकली, की कडेगावच्या त्या गल्लीत नानासोंच्या सोप्यात सतरंजी पडायची, टीव्हीचा आवाज चढायचा आणि घरातल्या बायकांच्या पाठीचा काटा ढिला व्हायचा. क्रिकेट असो नाहीतर कुस्त्या असोत, बघायचं पुरुषांनी आणि चहा गाळायचा बायकांनी. आपल्यापैकी कितीतरी घरांत हे असंच चालतं, त्यात नवल काही नाही. त्या रविवारी मात्र केबलवर साताऱ्याच्या मैदानावरची श्वानस्पर्धा होती, आणि सोप्यात जत्रेसारखी दाटी झाली होती.

"ह्याला कुत्रं म्हंत्यात व्हय, ऋषिराज? तुझा रॉटवायलर म्हंजी घोंगडं पांघरल्यालं रेडकू हाय," गल्लीतला कैफ ओरडला.

"आन तुझा डॉबरमन? दोन म्हैनं जेवला न्हाई जनू."

"गप बसा रं दोघं," कृष्णाततात्या म्हणाले. "लॅब्राडॉर आला बघा. काय चाल हाय, नवरदेवागत." तात्यांनी लष्कराच्या श्वानपथकात नोकरी केलेली. कुत्र्याच्या बाबतीत गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा.

नानासो मात्र कारवानी कुत्र्याचे भक्त. सडपातळ अंगाची, लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी ही आपल्याच मुलखातली जात. त्यांचा स्वतःचा कारवानी तुफान तिथंच खाटेच्या पायाला बांधला होता. आपल्या जातीचा मान त्यानं डोळ्यानं बघावा, म्हणून नानासोंनी त्याला मुद्दाम आत आणलं होतं.

रेश्मा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नानासो तिचे चुलतसासरे. तिचा नवरा जयराज पुढच्याच रांगेत मांडी घालून बसला होता आणि चार वर्षांची साक्षी त्याच्या गुडघ्याला टेकली होती. रेश्मा सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली. लेक झाल्यापासून तिची नजर घारीसारखी झाली होती. प्लगपाशी जाणारा हात, अंगणातली उघडी बादली, ताटातला माशाचा काटा, सगळं तिला आधी दिसायचं. सासरी त्याचं कौतुक नव्हतं, चेष्टाच होती. "आमची रेश्मा सावलीला बी भ्येती," असं नानासो चारचौघांत म्हणायचे आणि जयराज हसायचा.

आज तिची नजर तुफानवर होती. तो टीव्हीकडं बघतच नव्हता. उजेड चुकवून खाटेखाली सरकत होता. पुढ्यातलं दूध तसंच पडलं होतं, तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि नाकावर जुनी जखम भरल्याचा व्रण होता.

"नाना, तुफानला बरं नाही का?" तिनं विचारलं.

"त्येला स्पर्धेचं टेन्शन आलंय," नानासो म्हणाले आणि सोपा खदखदून हसला. "आगं, वाघ हाय त्यो. दोन म्हैन्यामागं उसात कोल्हं हानलं त्यानं. भर दुपारी कोल्हं मळ्यात आलं, मानसं बघून पळंना सुदीक, उलट अंगावर यायला लागलं. तुफाननं मान धरून आपाटलं. जाता जाता नाकाला चावलं तेवडं."

दुपारी मळ्यात शिरणारं, माणसाला न भिणारं कोल्हं. रेश्माला ते बरं लक्षण वाटलं नाही. पण पुन्हा बोललं तर पुन्हा हसतील, म्हणून तिनं नुसती साक्षीला हाक मारली. "साक्षी, इकडं ये बरं."

"बसूदे की गं पोर," जयराज म्हणाला.

तेवढ्यात टीव्हीवर निकाल लागला. देशी जातीत कारवानी पहिला! सोपा उसळला. शर्यत जिंकलेल्या बैलाला गुलाल लावायची आपल्याकडं रीत आहे. नानासोंनी गुलालाचं ताट आधीच मागवून ठेवलं होतं. साताऱ्यात जिंकणाऱ्या कुत्र्याशी तुफानचं नातं एवढंच, की दोघांची जात एक. पण गुलाल लागलाच पाहिजे, आणि तोही कुमारिकेच्या हातानं.

"साक्षे, लाव बाळा तुझ्या तुफानला," म्हणत नानासोंनी पोरीची बोटं गुलालात बुडवली आणि तिला खाटेपाशी ढकललं. कोणीतरी शिट्टी मारली. कोणीतरी मूठभर गुलाल वर उधळला. तो कुत्र्याच्या डोळ्यांत गेला.

रेश्माच्या हातातला ट्रे खाली पडेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. साक्षीच्या मनगटावर दातांच्या खुणा होत्या, आणि त्यांतून रक्ताचे थेंब गुलालावर उतरत होते.

"काय न्हाई झालं, काय न्हाई झालं," नानासो घाईनं म्हणाले. "घरचंच कुत्रं हाय. नुस्तं दात लागल्यात. राही, तिखट आन गं."

राहीबाई, त्यांची बायको, वाटीत तिखट आणि चुना घेऊन धावत आली. "दाब हे. तिखटानं इख उतरतंय. आमच्या म्हायारी असंच करत्यात."

रेश्मानं ती वाटी हातानं उडवली. लाल तिखट सतरंजीवर सांडलं. नव्या सुनेसारखी मान खाली घालून वागणारी ही बाई असं काही करेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती पोरीला उचलून मोरीत गेली, नळ सोडला आणि साबण लावून जखम धुवायला लागली. साक्षी किंचाळत होती. रेश्मा धूतच राहिली.

"जयराज, गाडी काढा. दवाखान्यात जायचंय," ती आतूनच म्हणाली.

जयराज उठला, नानासोंकडं बघितलं आणि परत घुटमळला. "उद्या बघू की. नाना म्हंत्यात तर…"

"दवाखान्यात जायचं न्हाई," नानासो म्हणाले. "डाक्टर लगीच कुत्र्याची चवकशी लावतोय. फुडल्या आठवड्यात शर्यतीचं मैदान हाय. कुत्रं चावरं म्हून नाव झालं तर कोन दारात हुबं करील त्येला?"

रेश्मा ओल्या पदरात पोरीला घेऊन सोप्यात आली. टीव्ही तसाच चालू होता. पडद्यावर बक्षिसाचा चषक दिसत होता आणि दोघं-तिघं अजून चोरून तिकडं बघत होते. ते बघून तिच्या डोक्यात तिडीक उठली.

"तुफानला पिसाळू नये म्हणून सुई दिलीय का, नाना?"

"जातिवंत कुत्रं हाय त्ये. उकिरड्यावरचं न्हवं. आन सुई दिली की धाव मरती कुत्र्याची. शर्यतीवालं कोन बी देत न्हाई."

"तात्या," रेश्मा कृष्णाततात्यांकडं वळली, "इथं कुत्र्यातलं तुम्हाला कळतं असं सगळे म्हणतात. लष्करात तुमच्या कुत्र्यांना सुई द्यायचे का नाही? खरं सांगा. माझ्या लेकीचा प्रश्न आहे."

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. नानासो त्यांचे बालमित्र.

"देत हुते," तात्या म्हणाले. "माझ्या कुत्रीची, राणीची, सुईची तारीक चुकली आस्ती तर सायबानं माझी रजा कापली आस्ती. आन राणी बर्फात माझ्याफुडं पळायची, नाना. सुईनं धाव मरती, ही आपन पारावर बसून काडल्याली अक्कल हाय. म्या कवाच बोलायला पायजे हुतं. तुमी सगळे तोंड भरून बोलता, म्हून गप बसलो." मग त्यांचा आवाज चढला. "आन दुपारचं कोल्हं अंगावर येतंय म्हंजी ते पिसाळल्यालंच आसनार. ते तुफानला चावलंय. पिसाळलेपना कुत्र्याची जात इचारून येत न्हाई. जयराज, हुबा काय ऱ्हायलायस? रोग अंगात चढला तर जगात आवशीद न्हाई त्येला. ऊठ!"

"सावलीला भिते म्हणता ना मला?" रेश्मा नानासोंना म्हणाली. "भितेच मी. टीव्हीतल्या कुत्र्यासाठी घसे फोडणारे तुम्ही, आणि दारातल्या कुत्र्याला एक लस देववली नाही. ही हौस आहे नाना, माया नाही. माया असती तर खाटेखाली लपलेलं जनावर तुम्हाला दिसलं असतं."

जयराजनं गाडीची किल्ली घेतली होती.

कडेगावच्या दवाखान्यात पहिली लस मिळाली. जखमेत द्यायचं, रोग तिथंच अडवणारं सीरम मिरजेत होतं, म्हणून तसंच पुढं मिरजेला जावं लागलं. मनगटात सुई शिरताना साक्षीनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून जयराज भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. परत येताना तो एवढंच म्हणाला, "म्या उद्या बघू म्हनलो हुतो." रेश्मानं झोपलेल्या साक्षीला छातीशी ओढून घेतलं. काही गोष्टींना 'असू दे' म्हणता येत नाही.

तुफानला तात्यांनी मोकळ्या गोठ्यात लांबून बांधून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्याला पाणी गिळता येईना. भुंकणं घोगरं झालं. मग मागचे पाय लुळे पडले, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत तो गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणीला पाठवलं, त्यात पिसाळल्याचंच निघालं. शर्यतीच्या दिवशी मैदानावर दुसरीच कुत्री पळाली.

पहिले दोन दिवस तात्यांचं न ऐकता तुफानच्या तोंडात हात घालून नानासोंनीच त्याला औषधी काढा पाजला होता आणि राहीबाईनं त्याची लाळ पुसली होती. आता दोघांनाही सुया घेणं भाग होतं. साक्षीच्या पुढच्या सुईच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर हे सगळे शेजारी-शेजारी बसले. नानासो एका आठवड्यात म्हातारे दिसायला लागले होते.

साक्षीनं त्यांच्या दंडावरचा कापूस बघितला. "आबा, तुमाला बी सुई?"

"व्हय बाळा."

"मग तुफानला का न्हाई दिली?"

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. नानासोंनी साक्षीला जवळ घेतलं.

"माझी हौस मोटी हुती बाळा, अक्कल बारकी," ते म्हणाले. "त्येला कोल्ह्यानं न्हाई मारलं. म्या मारलं. आन तुज्या हातानं गुलाल लावायला निघालो हुतो." मग त्यांनी रेश्माकडं न बघताच हात जोडले. "सूनबाई, तू भ्यालीस म्हून ही पोर हितं बसून इचारतीया."

रेश्माचा राग काही त्या हात जोडण्यानं विरघळला नाही. आईचा राग इतका स्वस्त नसतो. "माझ्याकडं माफी नको, नाना," ती म्हणाली. "गल्लीतली बाकीची कुत्री अजून तशीच आहेत."

पुढच्या रविवारी नानासोंच्या अंगणात सतरंजीऐवजी टेबल मांडलं होतं. जनावरांचे डॉक्टर आले होते. ऋषिराजनं आपला रॉटवायलर आणला. पारावर पडून असणारं, ज्याला नानासो येता-जाता लाथ घालायचे, ते खरजुलं गावठी कुत्रंही तात्यांनी भाकरीच्या तुकड्यानं बोलावून आणलं. ते दचकून मागं सरत होतं. नानासो खाली बसले, त्यांनी त्याचं तोंड फडक्यानं बांधून घेतलं, सुई टोचेपर्यंत अंगावर हात ठेवला आणि पुटपुटले, "ऱ्हा गड्या, ऱ्हा. झालंच." साक्षी लांब उंबऱ्यावर आईचा पदर घट्ट धरून उभी होती. कुत्र्याजवळ जायला ती अजून तयार नव्हती, आणि रेश्मानं तिला ढकललं नाही.

लोकहो, पडद्यावरच्या ऐटदार जनावराला टाळ्या वाजवायला काही लागत नाही. पाळायचं असेल तर त्याला वेळेवर लस द्या, आणि ते आजारी आहे का हे डोळे उघडून बघा. कुत्रं चावलं, मग ते घरचं असो की गल्लीतलं, भारी जातीचं असो की खरजुलं, तिखट, चुना, हळद काही लावू नका. साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि तडक दवाखाना गाठा. आणि घरातली एखादी बाई भिऊन काही सांगत असेल, तर हसण्याआधी टीव्हीचा आवाज कमी करून तिचं ऐका.