यादीतलं दहावं नाव

मला चौकशीची खोड आहे. छावणीतल्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, त्याचा परिणाम असेल. कूलर दुरुस्त करणाऱ्या फारूखभाईंना पोलिसांनी भरदिवसा दुकानातून उचललं, तेव्हा गल्ली गप्प बसली आणि मी चपला घालून ठाण्यात गेले.

ठाण्यात नवीन साहेब येऊन आठवडाच झाला होता. तेवढ्यात नऊ जण आत. गुन्हा एकावरही नाही. त्यात ना कुणी दारू विकणारा, ना कुणी भांडखोर. सगळी सरळ माणसं. हेच मला कळेना.

दाराशी गोकुळ भेटला. माझा जुना विद्यार्थी, आता हवालदार.

"फारूखभाईंनी काय केलं रे?"

"काय नाय बाई. दोन दिवसांत सोडतील."

"मग उचललं कशाला?"

त्यानं मागं वळून बघितलं. "साहेब आल्या आल्या म्हणले, वस्तीत ज्याचा शब्द चालतो ती माणसं आणा. आमी कुठं हुडकत फिरावं? शांतता समितीची यादी व्हती. नाव, पत्ता, फोन, समदं तयार."

सणासुदीच्या आधी ठाण्यात बोलावून आम्हाला चहा पाजतात, ती ही समिती. दोन वर्षांपूर्वी दगड उचलायला निघालेल्या पोरांना याच लोकांनी दंडाला धरून घरी नेलं होतं. मला संताप आला. आणि खरं सांगते, नवलही वाटलं. किती सोपी युक्ती! गुंड आत टाकले असते तर लोक खूश झाले असते, घाबरले नसते.

"यादीत मीही आहे ना रे?"

"दहाव्या नंबरला," गोकुळ म्हणाला. "बाई, घरी जावा."

मी गेले. माझे पाय इतके झपाझप चालतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळे सुटले. मी फारूखभाईंना गाठलं. "काय विचारलं तुम्हाला?"

"कुच नै पूछे बाई. नुसतं बसवलं. आपुन काय केलं तेच सोचत बसलो."

त्याच आठवड्यात साहेबांनी समितीची बैठक बोलावली. एकजात सगळे वेळेआधी हजर. साहेब मोकळेपणानं हसले. "नऊ जणांना त्रास झाला, इलाज नव्हता. कुणाला काही विचारायचंय?"

फारूखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांनीही पाहिलं. विचारणार तर मीच, हे सगळ्यांना माहीत होतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. सगळ्यांच्या आधी, आणि खणखणीत आवाजात.